‘स्फोटक मासिक’ आणि मॅगझीन नावाची कोठी

प्रश्न विचारणाऱ्या ताई इंग्रजीतून मराठीत भाषांतराची कामे घेतात. त्यांच्याकडे आलेल्या गठ्ठ्यात ‘मॅगझीन’ हा शब्द चार ठिकाणी चार तऱ्हांनी आला आहे. एका कागदात पोलिसांनी पिस्तुलाबरोबर दोन मॅगझीन जप्त केली आहेत. दुसऱ्यात दगडखाणीच्या परवान्यासाठी मॅगझीन बांधण्याची अट आहे. तिसऱ्यात युद्धनौकेचे मॅगझीन उडाले आहे. चौथ्यात कुणीतरी आपले मॅगझीन भिंतीवर ‘रिकामे’ केले आहे. आणि शब्दकोश उघडला की पहिला अर्थ निघतो ‘मासिक, नियतकालिक’. मग लिहायचे काय, असा त्यांचा सवाल आहे.

मी फौजेत चोवीस वर्षे आर्मरर होतो, म्हणजे बंदुका खोलणे, दुरुस्त करणे, परत जोडणे हेच काम. निवृत्तीनंतर नऊ वर्षे एका दगडखाणीवर मॅगझीन सांभाळले. आधी हा शब्द मी खिशात मावणाऱ्या वस्तूसाठी वापरायचो, नंतर तोच भोवती तारेचे कुंपण असलेल्या इमारतीसाठी वापरू लागलो. त्यामुळे उत्तर जरा लांबेल.

खाणीवर रुजू झालो त्या दिवशी फाटकावरची पाटी वाचून मी थबकलोच. लाल अक्षरांत लिहिले होते, ‘स्फोटक मासिक. धूम्रपान करू नये.’ मालकाने इंग्रजी पाटी तालुक्याच्या गावी नेऊन तिची मराठी पाटी करून आणली होती. मधे भाषांतर कुणी केले ते त्यालाही आठवत नव्हते. पावसाळ्यात त्या माळावर मेंढरे घेऊन येणाऱ्या एका म्हाताऱ्या धनगराने मला एकदा विचारले, “सायेब, हितं पुस्तकं छापत्यात व्हय?” तेव्हा आम्ही सगळे हसलो. रात्री मात्र मनात आले, ही पाटी लावलीय ती याच माणसासाठी. चिलीम पेटवून कुंपणाला टेकून बसणारा तोच, आणि पाटीने त्याला आत पुस्तके आहेत असे सांगितले आहे.

तर आधी शब्दाचे मूळ बघू, कारण ते कळले की पुढचे बरेचसे आपोआप सुटते. अरबीत ‘मखझन’ म्हणजे साठवणीची जागा, कोठार. त्याचे अनेकवचन ‘मखाझिन’. ते इटालियन आणि फ्रेंचमधून फिरत सोळाव्या शतकात इंग्रजीत ‘मॅगझीन’ झाले. आता मौज बघा. ‘साठवणे’ या अर्थाच्या ज्या अरबी धातूपासून हा शब्द निघाला, त्याच धातूपासून आपला ‘खजिना’ निघाला. खजिनदार, खजानची हे सगळे त्याच घरातले. म्हणजे मॅगझीन आणि खजिना ही सख्खी भावंडे आहेत. एक फारसीच्या वाटेने आपल्याकडे आले, दुसरे युरोपभर हिंडून तोफा-बंदुकांबरोबर आले. फ्रेंचमध्ये आजही ‘मागाझँ’ म्हणजे साधे दुकान. रशियन माणूस ‘मागाझिन’ला निघाला तर तो पाव आणायला निघालेला असतो.

म्हणून माझा सल्ला एका वाक्यात सांगायचा तर असा: हा शब्द दिसला की ‘कोठी’ म्हणून बघा आणि विचारा, कोठी कशाची आणि केवढी?

सर्वांत धाकटी कोठी बंदुकीला लागते. पत्र्याचा किंवा प्लास्टिकचा डबा, आत स्प्रिंग, स्प्रिंगच्या डोक्यावर एक सरकती पट्टी. वरच्या तोंडाला दोन्ही कडा आत वळलेल्या असतात, त्यांना आम्ही ओठ म्हणायचो. काडतूस अंगठ्याने दाबून त्या ओठांखाली सरकवायचे. पहिली चार-पाच लोण्यासारखी जातात. शेवटच्या दोन-तीनला स्प्रिंग अशी उलटून येते की नव्या जवानांच्या अंगठ्याचे नख काळेनिळे पडते. बंदूक चालली की स्प्रिंग एकेक काडतूस वर ढकलते आणि बोल्ट, म्हणजे नळीमागे पुढेमागे सरकणारा लोखंडी ठोकळा, ते पुढे नेतो. डब्याचे काम एवढेच. पण बंदूक अडकली की दहातल्या निम्म्या वेळा दोष या स्वस्त डब्याचा निघायचा: ओठ वाकलेले, स्प्रिंग थकलेली, नाहीतर आत वाळू. माझ्याकडे ‘रायफल खराब आहे’ म्हणून येणारा जवान बहुतेक वेळा नुसते मॅगझीन बदलून परत जायचा, आणि जाताना मी काहीच केले नाही अशा नजरेने बघायचा.

जुन्या थ्री-नॉट-थ्री रायफलचे मॅगझीन दहा काडतुसांचे. ती रायफल आपल्या पोलिसांच्या खांद्यावर कित्येक दशके राहिली. आपल्याकडे बनलेल्या इन्सास रायफलचे वीस काडतुसांचे, अर्धपारदर्शक, म्हणजे आत किती उरली ते बाहेरून दिसते. एके सत्तेचाळीसचे तीसचे, केळ्यासारखे वाकडे. हे वाकडेपण शोभेचे नाही. त्या काडतुसाची पुंगळी, म्हणजे दारू भरलेले नळकांडे, बुडाकडे जाड आणि तोंडाकडे निमुळती असते. अशी तीस एकावर एक ठेवली की रांग आपसूक वळते, डबा फक्त तिच्या मागे वळतो.

याच ठिकाणी ‘क्लिप’ आणि ‘मॅगझीन’ यांची गल्लत होते. इंग्रजी सिनेमांतली पात्रे सर्रास मॅगझीनला क्लिप म्हणतात आणि आपले उपशीर्षकवाले तेच उतरवतात. थ्री-नॉट-थ्रीची काडतुसे पाच-पाचच्या पट्टीत अडकवलेली मिळायची. ती पट्टी म्हणजे क्लिप. क्लिप रायफलीवर टेकवायची, अंगठ्याने पाचही काडतुसे खाली मॅगझीनमध्ये दाबायची आणि रिकामी पट्टी उडवून द्यायची. क्लिप म्हणजे मेथीची जुडी, मॅगझीन म्हणजे टोपली. जुडीला स्प्रिंग नसते.

आता ज्या चुकीपायी माणसे मरतात ती सांगतो. ‘मॅगझीन काढले म्हणजे पिस्तूल रिकामे झाले’ ही समजूत. मॅगझीन ही कोठी आहे, चूल नाही. कोठीतून एक काडतूस आधीच चुलीत, म्हणजे नळीच्या मागच्या टोकाला असलेल्या चेंबरमध्ये, जाऊन बसलेले असू शकते. कोठी काढून टेबलावर ठेवली तरी ते आत तसेच असते. पिस्तूल साफ करताना गोळी सुटल्याच्या बातम्या आपण वाचतो, त्यांतल्या बऱ्याच गोष्टींत हेच घडलेले असते.

फौजेत ‘खाली कर’ हा हुकूम मिळाला की क्रम ठरलेला असतो. आधी मॅगझीन बाहेर. मग बोल्ट मागे, चेंबरमध्ये डोळ्याने बघणे, अंधार असेल तर बोट घालून चाचपणे. त्यानंतर नळी वाळूकडे धरून चाप. हा क्रम उलटा झाला, म्हणजे मॅगझीन आत असतानाच बोल्ट ओढला, तर एक काडतूस बाहेर उडते आणि बोल्ट पुढे जाताना दुसरे घेऊन बसतो. जवानाला वाटते काढले, आणि बाहेर पडलेले काडतूस तर डोळ्यांसमोर असते. मग तो मॅगझीन काढतो आणि निर्धास्तपणे चाप दाबतो. माझ्यासमोर एका पहाटे गार्ड बदलताना असे झाले. रात्रभर जागा पोरगा, थंडीने बधिरलेली बोटे. नळी वाळूच्या खड्ड्याकडे होती म्हणून निभावले. कानठळी बसली, वाळू उडाली, आणि तो पोरगा रिकामे मॅगझीन हातात धरून त्याच्याकडेच बघत राहिला.

ताईंनी हे वाचून एवढे लक्षात ठेवावे की मॅगझीनसाठी ‘गोळ्या’ किंवा ‘काडतुसांचा साठा’ असा शब्द कधीच टाकायचा नाही. डबा रिकामा असला तरी तो मॅगझीनच. पंचनाम्यात ‘एक पिस्तूल मॅगझीनसह, एक जादा मॅगझीन, सात जिवंत काडतुसे’ असे लिहितात तेव्हा या तीन वेगळ्या वस्तू असतात आणि खटल्यात प्रत्येकीचा हिशेब होतो. १९५९ च्या शस्त्र कायद्यात शस्त्राच्या व्याख्येत शस्त्रांचे भागही येतात. त्यामुळे ‘साहेब, रिकामंच होतं’ ही सबब वाटते तितकी भक्कम नाही.

शेजारचे शब्दही नीट ठेवा. काडतूस म्हणजे अख्खी वस्तू: पुंगळी, आतली दारू, बुडाची टोपी आणि पुढची गोळी. गोळी म्हणजे फक्त नळीतून बाहेर जाते ते शिसे-तांबे. मागे जमिनीवर पडते ती पुंगळी. ‘जिवंत काडतूस’ म्हणजे न उडालेले. हा शब्द इंग्रजीवरून घेतला असला तरी आता पोलीस ठाण्यापासून पारावरच्या गप्पांपर्यंत इतका मुरलाय की बदलायच्या फंदात पडू नये. ‘राऊंड’ फौजी आणि पोलीस बोलण्यात चालतो, लेखी मराठीत काडतूसच बरे. म्हणजे ‘पिस्तुलातून तीन काडतुसे झाडली’ हे चूक. काडतूस झाडत नाहीत, गोळी झाडतात.

आणखी एक फौजी शब्द सांगतो, कारण तो भाषांतरात हमखास चुकतो. युनिटमध्ये रायफली ठेवतात त्या खोलीला आम्ही ‘कोत’ म्हणतो. दारूगोळा ठेवतात ते मॅगझीन. दोन्हींना सरसकट ‘शस्त्रागार’ म्हटले की मॅगझीनमध्ये बंदुका असल्याचा भास होतो. त्यात एकही नसते.

आता मोठी कोठी. खाणीवर, धरणाच्या कामावर, रस्त्याच्या बोगद्यावर सुरुंगाची दारू लागते. ती ठेवायची परवानाधारक इमारत म्हणजे मॅगझीन. याचे परवाने देणाऱ्या केंद्रीय खात्याचे मुख्यालय आपल्या नागपुरातच आहे. पेट्रोलियम आणि स्फोटके सुरक्षा संघटना असे त्याचे लांबलचक नाव, बोलण्यात ‘पेसो’. सध्या २००८ चे स्फोटक नियम चालतात. सुरुंगवाल्यांच्या तोंडी शब्द सरळ ‘म्यागझीन’ असाच असतो. ‘म्यागझीनमधनं दोन पेट्या काढ’ म्हटले की मासिकाचा विचार कुणाच्या डोक्यात येत नाही. तसे त्यांच्या तोंडी ‘जिलेटिन’ही असते. जुने नायट्रोग्लिसरीनवाले जिलेटिन कधीच गेले, आता स्लरी आणि इमल्शन ही नवी स्फोटके येतात. पण कांडी ती जिलेटिनचीच, आणि डेटोनेटर, म्हणजे कांडी उडवणारी लहानशी नळी, ती ‘केप’.

आमचे मॅगझीन वस्तीपासून दूर, माळावर एकटे उभे. दोन कुलपे, आणि त्यांच्या किल्ल्या एका माणसाकडे कधीच नाहीत. दारात लाकडी खोका: मोबाईल, काडेपेटी, तंबाखूची डबी, सगळे त्यात. खिळ्यांचे बूट बाहेर. आत पेट्या जमिनीला टेकवायच्या नाहीत, लाकडी फळ्यांवर आणि भिंतीपासून सुटून. केपा वेगळ्या खोलीत, कांड्यांच्या शेजारी कधीही नाही. आभाळ गडगडायला लागले की काम अर्धे टाकून कुलूप लावायचे आणि लांब जायचे, डोक्यावर वीज उतरवणारी सळई असली तरी. भोवतालचे गवत वाढू द्यायचे नाही. ते गवत दर श्रावणात माझ्या आणि खाणमालकाच्या भांडणाचे कारण व्हायचे, कारण मजूर लावायचे म्हणजे रोजंदारी आली.

एका संध्याकाळी हिशेबात एक केप कमी भरली. एक. पेन्सिलीच्या तुकड्याएवढी वस्तू. तीनदा मोजले. सुरुंग भरणाऱ्या दोघांना थांबवले, त्यांना घरून फोन येऊ लागले. रात्री नऊला परत आलेल्या खोक्याच्या तळाशी पुठ्ठ्याच्या घडीत ती सापडली. दुसऱ्या दिवशी त्यातला एक जण मला म्हणाला, “एवढ्याशा केपेसाठी?” मी त्याला म्हटले, ही केप कुणा पोराला सापडली तर त्याच्या हाताची बोटे मोजायची वेळ येईल.

हे सगळे नियम इंग्रजांनी शिकवले असे खाणीवर बरेचजण समजतात. अठराव्या शतकाच्या आरंभीचे रामचंद्रपंत अमात्यांचे ‘आज्ञापत्र’ चाळा. गडावरच्या दारूखान्याबद्दल त्यात जे सांगितले आहे ते वाचून मी खुर्चीत सरळ होऊन बसलो होतो. दारूखाना राहत्या घरांच्या शेजारी नको. भोवती कुंपण. तळघराला गच, म्हणजे चुन्याची पक्की जमीन, त्यावर लाकडी माच घालून वर दारूची मडकी. दमटपणा लागू द्यायचा नाही. आठ-पंधरा दिवसांनी हवालदाराने, म्हणजे तेव्हाच्या गडावरच्या अधिकाऱ्याने, स्वतः येऊन माल बाहेर काढून ऊन दाखवायचे आणि परत मोहोर करून ठेवायचे. माझ्या आवक-जावक वहीत आणि त्या हवालदाराच्या कामात तीनशे वर्षांचे अंतर, पण काम तेच. फक्त आम्हाला माल उन्हात ठेवायला बंदी आहे.

तेव्हा मराठीत या अर्थाचा शब्द नव्हता असे नाहीच. दारूखाना, दारूकोठार हे शब्द गडागडांवर होते. मे १८१८ मध्ये इंग्रजांच्या माऱ्यात रायगडावरचे दारूकोठार पेटले आणि गड पडला. त्याचे अवशेष आजही वाटाडे दाखवतात. मुंबईत रे रोडजवळचा दारूखाना तर रोज हजारो लोक उच्चारतात, आणि नव्या माणसाला वाटते तिथे गुत्ता असावा. ती बंदुकीच्या दारूची वस्ती. आसपास गनपावडर रोड आहे, मॅगझीन स्ट्रीटही आहे. अजमेरच्या अकबरी किल्ल्याला तिथले लोक ‘मॅगझीन’ म्हणतात, कारण इंग्रजांनी त्यात दारूगोळा ठेवला होता. दिल्लीत काश्मिरी गेटजवळ जुन्या मॅगझीनचे दरवाजे उभे आहेत. ११ मे १८५७ रोजी ते बंडवाल्यांच्या हाती पडू नये म्हणून आतल्या इंग्रजांनीच उडवून दिले.

अडचण एवढीच की ‘दारू’ या शब्दाचा अर्थ आता बाटलीकडे सरकलाय. ‘दारूकोठार’ वाचून आजच्या शहरी वाचकाला भलतेच काही वाटायचे. म्हणून परवान्याच्या कागदात मी ‘स्फोटकांचे कोठार (मॅगझीन)’ असे लिहीन, कंसातला शब्दही देवनागरीत. किल्ल्याच्या किंवा जुन्या लढाईच्या मजकुरात मात्र बेलाशक ‘दारूकोठार’. आणि ‘गोदाम’ दोन्हीकडे नको. गोदामात काहीही ठेवतात. मॅगझीनमध्ये दुसरे काहीही ठेवत नाहीत, हाच त्याचा प्राण. १४ एप्रिल १९४४ ला मुंबईच्या व्हिक्टोरिया गोदीत ‘फोर्ट स्टिकिन’ जहाज उडाले, त्याच्या पोटात स्फोटके आणि कापसाच्या गाठी एकत्र भरल्या होत्या. कापूस धुमसत राहिला, बाकीचे आपल्याला ठाऊक आहे.

युद्धनौकेचे वाक्य सोपे आहे. जहाजाच्या पोटात, पाण्याच्या पातळीखाली तोफगोळे आणि दारू ठेवायच्या बंदिस्त खोल्या असतात, ती मॅगझीन. ‘जहाजावरचे दारूगोळ्याचे कोठार’ लिहा. २४ मे १९४१ ला ‘हूड’ या ब्रिटिश युद्धनौकेच्या कोठाराचा स्फोट झाला आणि चौदाशेहून अधिक माणसांपैकी तिघेच वाचले. असे वाक्य भाषांतर करताना ‘जहाजाला आग लागली’ असे मोघम लिहिणे म्हणजे मूळ घटनाच पुसणे.

आणि मासिक? तोही याच कोठीचा उपयोग. १७३१ मध्ये लंडनमध्ये एडवर्ड केव्ह याने ‘जंटलमन्स मॅगझीन’ काढले, तेव्हा त्याला ‘सद्गृहस्थांचे कोठार’ म्हणायचे होते. पुढे नावातला तो शब्दच त्या प्रकारच्या छापील वस्तूचे नाव झाला. १९०१ मध्ये लाहोरहून निघालेल्या उर्दू मासिकाचे नाव होते ‘मखझन’, म्हणजे शब्द जग फिरून घरी परतला. आपण मात्र असल्या प्रकाशनाला काळावरून नाव दिले: साप्ताहिक, मासिक, त्रैमासिक. इंग्रजीचे नाव जागेचे, आपले वेळेचे. म्हणूनच भाषांतरात डोळे मिटून एकाच्या जागी दुसरे बसवले की ‘स्फोटक मासिक’ होते.

भोसरी-चाकणकडच्या कारखान्यांतल्या पोरांना विचाराल तर ती आणखी वेगळाच अर्थ सांगतील. व्हीएमसी या धातू कापणाऱ्या यंत्राच्या बाजूला फिरते चाक असते, त्यात वीस-चोवीस टूल लावून ठेवतात. त्याला ‘टूल मॅगझीन’ म्हणतात. माझा पुतण्या त्यावर काम करतो. मी मॅगझीन भरायचो म्हटले की तो म्हणतो, काका, मीपण.

ताईंनी या शब्दाच्या लिंगाबद्दलही विचारले आहे. मराठीत ‘ते मॅगझीन’, अनेकवचनी ‘दोन मॅगझीन’ किंवा ‘मॅगझिने’. बोलताना पहिलेच येते, तेच ठेवा. फौजेतून आलेला माणूस हिंदीच्या सवयीने ‘ती मॅगझीन’ म्हणेल. संवाद असेल तर त्याला तसे म्हणू द्या.

राहिले चौथे वाक्य, भिंतीवर मॅगझीन रिकामे करणारा. तिथे मॅगझीन हा शब्दच नको. असे कुणी मराठीत सांगत नाही. आमच्या युनिटमधला एक कोल्हापूरकडचा हवालदार अशा प्रसंगाचे वर्णन करताना म्हणायचा, “होत्या नव्हत्या तेवढ्या सगळ्या गोळ्या भितीत घातल्या बेट्यानं.” ताई, तुमच्या कागदाचा सूर फार औपचारिक नसेल तर यातला ‘बेट्यानं’ काढा, ‘भितीत’चे ‘भिंतीत’ करा आणि बाकीचे तसेच घ्या.